प्लाझ्मातून औषध काढताना

बायोॲनालिटिकल प्रयोगशाळा बघायला कुणी आलं की त्यांना आधी मशीन दाखवतात. एलसी-एमएस-एमएस हे भारदस्त नाव, कोटीच्या घरातली किंमत, निर्वात पंपांची अखंड घरघर, पडद्यावर उमटणारी टोकदार शिखरं. पाहुणे खूश होतात, फोटो काढतात. शेजारच्या खोलीत ॲप्रन आणि हातमोजे घातलेली चार-पाच मुलं खाली मान घालून नळ्यांत काहीतरी ओतत, हलवत, गाळत असतात. तिकडे बघायला कुणाला सवड नसते. या पुस्तकातलं प्रत्येक पान त्या दुसऱ्या खोलीबद्दल आहे. माझा अनुभव असा की, रक्तात औषध किती आहे याचं उत्तर तिथेच ठरतं. मशीनपुढे जे ठेवाल ते मशीन मोजतं. चुकीचं ठेवलंत तर चुकीचं उत्तर ते तीन दशांश स्थळांपर्यंत अचूक छापून देतं.

रक्त ईडीटीएच्या, म्हणजे जांभळ्या टोपणाच्या नळीत घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की पेशी तळाशी बसतात आणि वर फिकट पिवळा द्रव उरतो. तो प्लाझ्मा, रक्ताच्या आकारमानात त्याचा वाटा साधारण ५५ टक्के. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. उरलेल्यात प्रथिनं, क्षार, साखर, युरिया, कोलेस्टेरॉल, फॉस्फोलिपिडं, संप्रेरकं आणि आदल्या जेवणातलं बरंच काही. एका मिलिलिटर प्लाझ्मात एकटं अल्ब्युमिनच ४० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. रक्तदाबावरच्या प्रोप्रॅनोलॉलची ४० मिलिग्रॅमची एक गोळी घेतलेल्या माणसाच्या त्याच मिलिलिटरभर प्लाझ्मात औषध असतं काही दशक नॅनोग्रॅम. हिशेबाला सोपं म्हणून ४० नॅनोग्रॅम धरू. म्हणजे वजनाने दहा लाख भाग अल्ब्युमिन आणि एक भाग औषध. शिवाय त्या एका भागातला सुमारे नव्वद टक्के हिस्सा प्रथिनांनाच चिकटून बसलेला.

हा द्रव तसाच मशीनमध्ये घातला तर काय होईल? आत ॲसिटोनायट्राइल किंवा मिथेनॉल वाहत असतं. त्याच्याशी गाठ पडताच प्रथिनं गोठतात, घटक वेगळे करणाऱ्या नळीचं, म्हणजे कॉलमचं, तोंड बुजतं, दाब चढतो आणि दुपारपर्यंत कॉलम टाकून द्यायची वेळ येते. म्हणून आधी औषध वेगळं काढावं लागतं. पुस्तकात याला निष्कर्षण म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे एक्सट्रॅक्शन म्हणतात. मी दोन्ही शब्द वापरले आहेत.

नव्याने कामाला लागलेल्या मुलाला वाटतं, चांगलं एक्सट्रॅक्शन म्हणजे सगळंच्या सगळं औषध बाहेर काढणं. मग तो रिकव्हरी नव्वदची पंच्याण्णव करण्यामागे लागतो आणि त्यात महिना घालवतो. या क्षेत्राचे नियम तसं मागतच नाहीत. अमेरिकेच्या एफडीएने २००१ साली बायोॲनालिटिकल पद्धतींबद्दल जी मार्गदर्शिका काढली तिच्यात स्पष्ट आहे की रिकव्हरी शंभर टक्के असायची गरज नाही. ती दरवेळी सारखी यायला हवी. साठ टक्केच निघतंय, पण सोमवारी साठ, शुक्रवारी साठ, तरुणाच्या प्लाझ्मातून साठ आणि तूपकट, म्हणजे चरबीने गढूळ झालेल्या, प्लाझ्मातूनही साठ, तर ती पद्धत उत्तम. एकदा पंच्याण्णव आणि एकदा सत्तर देणारी पद्धत कामाची नाही. पुढची बारा प्रकरणं वाचताना एवढं एक ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

या विद्येची सुरुवात औषधापासून नाही, विषापासून झाली. नोव्हेंबर १८५० मध्ये बेल्जियममधल्या बित्रमाँच्या गढीत ग्युस्ताव फुग्नी नावाचा तरुण मेला. संशय त्याच्या मेहुण्यावर, काउंट इपोलीत विसार द बोकार्मे याच्यावर. प्रेताच्या तोंडात-घशात व्हिनेगर ओतलेलं, त्यामुळे दुसरा कुठलाही वास येऊ नये अशी तजवीज. तपास न्यायाधीशाने मृताचे अवयव बरण्यांत भरून ब्रुसेल्सला रसायनशास्त्रज्ञ जाँ सर्व्हे स्तास याच्याकडे नेले. धातूची विषं, सोमल वगैरे, तेव्हा शोधता येत होती. पण वनस्पतींपासून मिळणारी अल्कलॉइड विषं शरीरात शोधणं अशक्य, असं त्या काळचे मोठमोठे विषतज्ज्ञच सांगत. स्तासने अवयवांचा लगदा आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये भिजवला, गाळला, आटवला आणि पुन्हा पाण्यात घेतला. मग त्यात अल्कली घालून ईथरबरोबर हलवला. ईथर वर तरंगला. तो उडून गेल्यावर बशीत तेलकट थेंब उरले आणि त्यांना तंबाखूचा उग्र दर्प होता. निकोटिन! बोकार्मेला जुलै १८५१ मध्ये मॉन्स गावी गिलोटिनखाली जावं लागलं. काही वर्षांनी फ्रीड्रिख यूलिउस ओटो या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने या रीतीत सुधारणा केली आणि स्तास-ओटो पद्धत हे नाव न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत कायमचं बसलं.

स्तासने केलं ते आजही आपण तसंच करतो, म्हणून त्यातलं गणित इथेच सांगून टाकतो. निकोटिन काय, प्रोप्रॅनोलॉल काय, ही अल्कधर्मी रेणूंच्या घराण्यातली. आम्लात किंवा उदासीन द्रवात त्यांच्यावर विद्युतभार चढतो आणि भार चढलेला रेणू पाणी सोडत नाही. प्रोप्रॅनोलॉलचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात तो आकडा, ९.५ च्या आसपास. प्लाझ्माचा पीएच ७.४. या दोहोंतलं अंतर २.१, म्हणजे भार नसलेल्या दर एका रेणूमागे भारित रेणू सव्वाशे. अशा वेळी वरून कितीही ईथर ओता, औषध येणार नाही. पण थोडा सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच ११.५ वर नेला की पारडं फिरतं. आता भारित एक आणि भाररहित शंभर. ते शंभर आनंदाने ईथरमध्ये जातात. आयब्युप्रोफेनसारखं आम्लधर्मी औषध असेल तर उलट करायचं, प्लाझ्मा आम्ल करायचा. पीकेएपासून दोन पीएच दूर राहा, हा सगळ्या प्रयोगशाळांतला तोंडी नियम इथून आलेला आहे. ज्याला हे कळलं त्याने निम्मं पुस्तक वाचल्यासारखं आहे, आणि ज्याने हे न कळता नुसती कृती पाठ केली त्याला नवं औषध हातात आलं की घाम फुटतो.

आणखी एक छोटा हिशेब. समजा औषध पाण्यापेक्षा ईथरमध्ये पाचपट जायला राजी आहे आणि प्लाझ्मा एक मिलिलिटर आहे. दोन मिलिलिटर ईथर एकदम घातला तर ९१ टक्के औषध निघतं. तोच ईथर एकेक मिलिलिटर करून दोनदा घातला तर पहिल्या वेळी एक षष्ठांश मागे राहतं, दुसऱ्या वेळी त्याचाही एक षष्ठांश, म्हणजे छत्तिसावा भाग; निघतं ९७ टक्के. द्रावक तेवढाच, फरक फक्त वाटणीचा. तरीही बहुतेक प्रयोगशाळा एकदाच हलवतात आणि मला ते पटतं. दोनदा ओतायचं म्हणजे हाताची चूकही दोनदा होऊ शकते. सहा टक्के जास्त मिळवण्यासाठी सारखेपणा गमावणं परवडत नाही.

विषाकडून औषधाकडे हे शास्त्र वळलं ते दुसऱ्या महायुद्धात. १९४२ च्या मार्चमध्ये जपानने जावा बेट घेतलं आणि जगाचा क्विनीनचा बहुतेक पुरवठा एका झटक्यात तुटला. प्रशांत महासागरातल्या अमेरिकी सैनिकांना मलेरियासाठी ॲटब्रिन देऊ लागले, पण त्याने पोट बिघडे, कातडी पिवळी पडे; सैनिक गोळ्या थुंकून टाकत. किती द्यावं, कसं द्यावं, कुणालाच ठाऊक नव्हतं. न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर मेमोरियल हॉस्पिटलात जेम्स शॅनन यांच्या गटात काम करणाऱ्या बर्नार्ड ब्रॉडी आणि सिडनी उडेनफ्रेंड यांनी प्लाझ्मातून ॲटब्रिन द्रावकात काढून त्याची प्रदीप्ती मोजण्याची रीत बसवली; तो निबंध १९४३ चा. मोजल्यावर दिसलं की औषध रक्तात थांबतच नाही, ऊतींत जाऊन दडी मारतं, विशेषतः यकृतात. म्हणून सुरुवातीला मोठा डोस देऊन ऊती भरून टाकायच्या आणि मग थोडं थोडं देत राहायचं, हे सूत्र निघालं आणि ॲटब्रिन कामी आलं. माझ्या मते आधुनिक औषधशास्त्राचा जन्म कुठे झाला असं कुणी विचारलं तर बोट इथे ठेवावं. डोस किती द्यायचा ते रुग्णाच्या वजनावरून नाही, त्याच्या प्लाझ्मातल्या आकड्यावरून ठरवायचं, हा विचार या कामातून रुजला. पुढे याच ब्रॉडींच्या हाताखाली ज्युलियस ॲक्सेलरॉड आले. ॲसिटॅनिलाइड या जुन्या वेदनाशामकाचं शरीरात पॅरासिटामॉल होतं आणि गुण त्या पॅरासिटामॉलचा, हे दोघांनी १९४८ मध्ये दाखवलं. तेही अशीच एकामागून एक एक्सट्रॅक्शन करून. घरोघरी डब्यात पडलेल्या त्या गोळीमागे द्रावकाने भरलेल्या कितीतरी नळ्या आहेत.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. काम सुरू होतं ते टेबलापाशी नाही, रुग्णाच्या दंडाला पट्टा आवळला जातो तिथे. १९७० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉलचे आकडे काही ठिकाणी विनाकारण कमी येत. कारण सापडलं रक्त घ्यायच्या नळीच्या रबरी बुचात. बुचातला एक प्लॅस्टिक मऊ करणारा पदार्थ रक्तात उतरून औषधाला प्रथिनांवरून हुसकावून लावी. सुटलेलं औषध तांबड्या पेशींत शिरे आणि प्लाझ्मात कमी भरे. एक्सट्रॅक्शन कितीही काटेकोर केलं असतं तरी उत्तर चूकच येणार होतं. ॲस्पिरिनची गोष्ट वेगळी, पण तितकीच चिवट. रक्तातली एस्टरेज ही विकरं त्याचं सॅलिसिलिक आम्ल करत सुटतात. शरीरात ॲस्पिरिन पंधरा-वीस मिनिटांत अर्धं होतं, आणि नळीत आलं म्हणून विकरं थांबत नाहीत. तिथे फ्लुओराइडची नळी, बर्फ आणि थंड सेंट्रिफ्यूज लागतो. क्षयरोगाच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन हवेने ऑक्सिडाइज होतं म्हणून प्लाझ्मात ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे जीवनसत्त्व क, घालून ठेवतात. निफेडिपिनला उजेड सोसत नाही. त्याचं काम पिवळ्या दिव्याखाली. प्रत्येक औषधाच्या अशा खोडी पहिल्या दोन प्रकरणांत आहेत. ती प्रकरणं कंटाळवाणी वाटतील, पण वगळू नयेत.

मग फ्रीझरमधून नळ्या निघतात, उणे सत्तरवरून खोलीच्या तापमानाला येतात. इथे पहिला झटापटीचा प्रसंग. वितळलेल्या प्लाझ्मात फायब्रिनचे बारीक धागे लोंबत असतात. डोळ्यांना नीट दिसतही नाहीत. पिपेटचं टोक त्यात अडकलं की शंभर मायक्रोलिटरच्या जागी सत्तर येतात आणि पिपेट तक्रार करत नाही. म्हणून नळी आधी व्हॉर्टेक्सवर फिरवायची, मग सेंट्रिफ्यूज, मग वरच्या थरातून उचलायचं. टोकाला बुडबुडा दिसला की परत. शंभर मायक्रोलिटर म्हणजे दोन थेंब. त्या दोन थेंबांत आंतरिक प्रमाण, म्हणजे इंटरनल स्टँडर्ड, घालायचं. औषधाच्याच रेणूत हायड्रोजनच्या काही अणूंऐवजी ड्युटेरियम बसवून केलेलं हे भावंड. वाटेत औषधाचं जे होईल तेच याचंही होतं. थोडं सांडलं, थोडं मागे राहिलं, तरी दोघांचं गुणोत्तर टिकतं. सारखेपणा राखायचं याहून चांगलं साधन या क्षेत्राला अजून सापडलेलं नाही. मात्र ते घालायलाच विसरलात, किंवा एकाच नळीत दोनदा घातलंत, तर तो नमुना गेला.

इथून पुढे तीन वाटा. सगळ्यात सोपी प्रथिनं गोठवण्याची. दोन थेंब प्लाझ्मावर त्याच्या तिप्पट ॲसिटोनायट्राइल घातलं की दूध नासावं तसं क्षणात सगळं फाटतं. दहा मिनिटं फिरवलं की पांढरा गोळा तळाशी आणि वर स्वच्छ द्रव. स्वच्छ दिसणारा, असं म्हणायला हवं. ते का, हे पुढे येईल. द्रावक घालताना नळी फिरती ठेवायची, नाहीतर घाईत गोठणाऱ्या प्रथिनांच्या गोळ्यात थोडं औषध कोंडून राहतं, आणि किती कोंडलं ते दर नळीला वेगळं असतं. मेटफॉर्मिनसारखं पाण्यावर जीव टाकणारं औषध कुठल्याच सेंद्रिय द्रावकात सहजी जात नाही. त्याच्यासाठी बहुतेक जण याच वाटेने जातात. ॲसिटोनायट्राइलवर सगळं जग किती टेकून आहे ते २००८-०९ मध्ये कळलं. हा द्रव ॲक्रिलोनायट्राइलच्या कारखान्यांत जोडउत्पादन म्हणून मिळतो. मंदीने मोटारी आणि कापडाची मागणी घटली, ऑलिम्पिकसाठी चीनमध्ये कारखाने बंद ठेवले गेले, टेक्सासला चक्रीवादळ धडकलं आणि प्रयोगशाळांत बाटल्या मोजून मिळू लागल्या. कितीतरी जणांनी तेव्हा नाइलाजाने मिथेनॉलवर पद्धती पुन्हा बसवल्या.

दुसरी वाट स्तासची, द्रव-द्रव निष्कर्षणाची. आता ईथरऐवजी एथिल ॲसिटेट किंवा मिथाइल टर्शरी ब्यूटिल ईथर. ही दोन्ही पाण्याहून हलकी, वर तरंगतात, हे सोयीचं. डायक्लोरोमिथेन जड, ते खाली बसतं आणि मधोमध प्रथिनांचा चिकट पडदा धरतो. तो न फोडता खालचा थर उचलणं हे हाताचं कसब. फार जोराने हलवलं की दोन्ही थर एकजीव होऊन साबणासारखा फेस धरतात आणि तो फेस सेंट्रिफ्यूजलाही दाद देत नाही. म्हणून आडव्या शेकरवर सावकाश, दहा-पंधरा मिनिटं. मग आपल्याकडच्या प्रयोगशाळांत सर्रास दिसणारी एक युक्ती आहे. नळीचं बूड कोरड्या बर्फाच्या आणि ॲसिटोनच्या थंडगार भांड्यात बुडवायचं. खालचा पाण्याचा थर दगडासारखा गोठतो, वरचा द्रावक तसाच पातळ राहतो, आणि तो सरळ दुसऱ्या नळीत ओतून घेता येतो. पिपेट नाही, अंदाज नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही जादूच वाटते. ओतलेला द्रावक नायट्रोजनच्या झोताखाली उडवायचा आणि तळाशी उरलेलं, न दिसणारं औषध थोड्या मोबाइल फेजमध्ये, म्हणजे मशीनमध्ये वाहणाऱ्या द्रवात, परत विरघळवायचं. नायट्रोजनचा झोत जास्त ठेवला तर थेंब उडून शेजारच्या नळीत जातो. शेजारची नळी जर औषध न घेतलेल्या माणसाची असेल, तर त्याच्याही रक्तात औषध सापडतं.

तिसरी वाट घन प्रावस्थेची, म्हणजे सॉलिड फेजची. सिलिकावर अठरा कार्बनांच्या साखळ्या चिकटवलेली भुकटी लहानशा प्लॅस्टिकच्या नळीत भरतात. १९७८ मध्ये सेप-पॅक नावाने बाजारात आलेल्या या कार्ट्रिजांनी प्लाझ्माचं काम खूप सुटसुटीत केलं. आधी मिथेनॉलने ओलं करायचं, मग पाण्याने, मग प्लाझ्मा ओतायचा, मग धुवायचं, शेवटी औषध उतरवायचं. जुन्या सी-१८ भुकटीची एक अडचण होती. मधेच कोरडी पडली की ती औषध धरत नसे, आणि व्हॅक्यूमच्या चोवीस तोट्यांपैकी एखादी हमखास आधी कोरडी पडायची. १९९० च्या दशकात पाण्याशीही सख्य असणारी पॉलिमरची भुकटी आली आणि हा ताप कमी झाला. ही वाट महाग, पण सगळ्यात स्वच्छ. कुठली कधी निवडायची यावर स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे एवढंच.

मघाशी स्वच्छ दिसणारा द्रव म्हटलं, त्याकडे वळतो. जॉन फेन यांना ज्यासाठी २००२ चं नोबेल मिळालं त्या इलेक्ट्रोस्प्रेमध्ये द्रवाचे बारीक थेंब विद्युतभारित होतात, आटतात आणि रेणू भार घेऊन बाहेर पडतात. थेंबाकडे वाटायला भार मोजकाच. ॲसिटोनायट्राइलने प्रथिनं गोठली, पण पेशींच्या पापुद्र्यातली आणि प्लाझ्मात फिरणारी फॉस्फोलिपिडं वरच्या नितळ द्रवात तशीच राहतात. मिथेनॉलने गोठवलं तर आणखीच जास्त. तीही भारासाठी पुढे सरसावतात. ज्या क्षणी ती कॉलममधून बाहेर पडतात त्याच क्षणी औषध बाहेर पडलं तर औषधाच्या वाट्याला भार कमी येतो आणि शिखर बुटकं होतं. पडद्यावर मात्र काहीच दिसत नाही, कारण मशीनला फक्त औषधाचाच आयन बघायला सांगितलेलं असतं. यालाच मॅट्रिक्स परिणाम म्हणतात. तो डोळ्यांना दाखवायची एक सुंदर रीत आहे. औषधाचं द्रावण कॉलमनंतर सतत थेंबथेंब सोडत राहायचं, पडद्यावर सपाट रेघ येते. मग औषध नसलेल्या प्लाझ्माचा अर्क टोचायचा. ती सपाट रेघ मधेच खोल खड्ड्यात जाते आणि परत वर येते. तो खड्डा बघितल्यावर कुणी स्वच्छ दिसणाऱ्या द्रवावर विश्वास ठेवत नाही. नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यातच हा प्रयोग करायला लावतो.

आणि हा खड्डा माणसागणिक वेगळा असतो. एकाच्या प्लाझ्मात फॉस्फोलिपिडं जास्त, दुसऱ्याच्या कमी. उपाशीपोटी कमी, जेवल्यावर जास्त. सारखेपणाला याहून मोठा धोका नाही. मर्कमधल्या मातुशेव्स्की आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हा परिणाम आकड्यात मोजायची रीत मांडली. निदान सहा वेगवेगळ्या माणसांच्या प्लाझ्मावर पद्धत तपासून बघायचा आग्रह नियमांत शिरला तो अशाच कामामुळे. २०२२ मध्ये आलेल्या आयसीएच एम-१० या जागतिक मार्गदर्शिकेत तूपकट आणि तांबड्या पेशी फुटून लालसर झालेल्या प्लाझ्माचाही विचार करायला सांगितलं आहे.

रसायनाने दिलेल्या चकव्यांत मला सगळ्यात आवडतो तो क्लोपिडोग्रेलचा. हृदयविकाराच्या असंख्य रुग्णांना दिलं जाणारं हे औषध. रक्तात मूळ औषध फार थोडं, पण त्याच्यापासून झालेला एक ॲसाइल ग्लुकुरोनाइड पुष्कळ असतो. एक्सट्रॅक्शनमध्ये मिथेनॉल वापरलं की तो ग्लुकुरोनाइड मिथेनॉलशी जुळतो आणि पुन्हा क्लोपिडोग्रेल होतो! म्हणजे औषध काढायला गेलेला माणूस नळीतच नवं औषध तयार करतो. कोऱ्या प्लाझ्मात औषध घालून पद्धत तपासली तर हे कधीच लक्षात येत नाही, कारण त्या प्लाझ्मात ग्लुकुरोनाइड नसतोच. खऱ्या माणसाचा नमुना दुसऱ्यांदा तपासला आणि आकडा जुळला नाही, तेव्हा कुठे शंका येते. म्हणूनच खऱ्या नमुन्यांपैकी काही वेगळ्या दिवशी परत काढून बघायची पद्धत आहे आणि त्यातल्या निदान दोन तृतीयांश नमुन्यांत फरक वीस टक्क्यांच्या आत यावा लागतो. ही अट अनेकांना जाच वाटते. मला ती या सगळ्या नियमांतली सर्वात शहाणी अट वाटते.

हे एवढं कशासाठी, असं विद्यार्थी विचारतात, आणि बरोबरच विचारतात. अमेरिकेत १९८४ मध्ये हॅच-वॉक्समन कायदा आला. मूळ औषधाचं पेटंट संपलं की दुसऱ्या कंपनीने फक्त एवढं दाखवायचं की आपली गोळी रक्तात तेवढीच आणि त्याच वेगाने उतरते. त्या एका वाक्यावर भारतातला जेनेरिक उद्योग परदेशात वाढला आणि अहमदाबाद, हैदराबाद, बंगळूर, नवी मुंबई इथे एकामागून एक बायोइक्विव्हॅलन्सच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. चोवीस स्वयंसेवक, प्रत्येकाला दोनदा औषध, दरवेळी वीसेक वेळा रक्त, असा बेत धरला तर नमुने होतात जवळजवळ हजार. २०१७ पासून भारतातही कमी विरघळणाऱ्या दोन गटांतल्या जेनेरिक औषधांना परवाना देताना हा पुरावा मागितला जातो. रुग्णालयांचं कामही यावर चालतं. मुंबईच्या केईएममध्ये फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन अशा अपस्माराच्या औषधांची रक्तातली पातळी बघून डोस ठरवला जातो. फेनिटॉइनमध्ये तर डोस थोडा वाढवला तरी पातळी भसकन वर जाते, म्हणून आकडा खरा असणं निकडीचं.

खरा आकडा म्हणजे नुसतं रसायन नव्हे. २०१० मध्ये ह्यूस्टनच्या एका मोठ्या प्रयोगशाळेतल्या नोंदी अमेरिकेच्या एफडीएने तपासल्या. २००५ ते २००९ या काळात किमान १,९०० वेळा ज्यांच्या नावाने काम केल्याची नोंद होती ते तंत्रज्ञ त्या वेळी इमारतीत हजरच नव्हते. कित्येक वर्षांच्या अभ्यासांवर प्रश्नचिन्ह लागलं. नळी कुणी, किती वाजता, कुठल्या फ्रीझरमधून काढली हे लिहिणं आपल्याकडे कारकुनी काम समजतात. मी या पुस्तकात नोंदवहीला पूर्ण प्रकरण दिलं आहे ते एवढ्यासाठीच.

काय सोडलं आहे तेही सांगायला हवं. सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस ही औषधं पेशींत शिरून बसतात, त्यांचं मोजमाप प्लाझ्मात नाही, अख्ख्या रक्तात करतात. त्यांचा उल्लेख येतो, कृती येत नाही. कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांचं तंत्र आणि आपोआप चालणारे रोबो मी मुद्दाम बाहेर ठेवले. रोबो हाताशी असला तरी तो काय करतोय हे ज्याने हाताने करून पाहिलं आहे त्यालाच कळतं.

कृती वाचून लगेच रुग्णाच्या नमुन्याला हात लावू नका. रक्तपेढीतून आलेला, औषध न घेतलेल्या माणसाचा प्लाझ्मा घ्या, त्यात प्रोप्रॅनोलॉल घाला आणि तिसऱ्या प्रकरणातल्या तीनही वाटांनी सहा-सहा नळ्या काढून पाहा. सहा आकड्यांतली सरासरी आधी बघू नका, त्यांच्यातला फरक बघा. तो पंधरा टक्क्यांच्या आत आला की चौथ्या प्रकरणाकडे वळा.